जाहिरातीचे ईमेल स्पॅममध्ये जाऊ नयेत म्हणून: नव्या विक्रेत्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

रत्नागिरी किंवा देवगडकडचा एखादा बागायतदार दलालांना वगळून थेट ग्राहकांना हापूस विकू लागला, की दोन-तीन हंगामांत त्याच्याकडे काही हजार ईमेल पत्ते जमा होतात. मेअखेर पेट्या संपल्या की तो या पत्त्यांकडे नऊ महिने ढुंकूनही पाहत नाही आणि मार्चमध्ये एका दुपारी सर्वांना एकदम दरपत्रक रवाना करतो. ईमेल पाठवणाऱ्या सेवेच्या पडद्यावर ‘डिलिव्हर्ड’ या शब्दापुढे ९८ टक्के असा आकडा दिसतो, आणि तरीही मागणी येत नाही. त्या आकड्याचा अर्थ समोरच्या सर्व्हरने ईमेल स्वीकारला एवढाच असतो. स्वीकारून तो इनबॉक्समध्ये ठेवला की स्पॅममध्ये टाकला, हे त्यावरून कळत नाही. प्रस्तुत लेख अशा लहान, हंगामी विक्रेत्याला समोर ठेवून लिहिला आहे. दिवाळी अंकांचे प्रकाशक, सहल आयोजक आणि क्लासचालक यांनाही तो बव्हंशी लागू पडेल.

आरंभीच एक सांगितले पाहिजे. बहुतेक नवखे लोक या कामाला उलट्या टोकाने हात घालतात. विषयाच्या ओळीतून ‘मोफत’ आणि ‘सवलत’ हे शब्द काढायचे, उद्गारचिन्हे कमी करायची, रंग बदलायचे, आणि एवढे करूनही ईमेल स्पॅममध्येच गेला की फिल्टरला दोष द्यायचा. आजचे फिल्टर शब्दांपेक्षा पाठवणाऱ्याची पत अधिक पाहतात. हा ईमेल खरोखर याच डोमेनवरून (ईमेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावरून) आला आहे का, या डोमेनच्या आधीच्या ईमेलचे लोकांनी काय केले, ते उघडले, उत्तर दिले, न वाचता पुसून टाकले की ‘स्पॅम’ बटण दाबले, या गोष्टींना सर्वाधिक वजन असते. म्हणून कामाचा क्रम आधी ओळख, मग यादी, मग पाठवण्याचा वेग आणि शेवटी मजकूर असा ठेवावा.

ओळख प्रस्थापित करणे

पहिली अट स्वतःच्या डोमेनची. व्यवसायाचा पत्ता जीमेल डॉट कॉमवर असेल, तर तो पत्ता ‘प्रेषक’ म्हणून वापरून दुसऱ्या सेवेमार्फत घाऊक ईमेल पाठवू नयेत. याहूने २०१४ मध्येच आपल्या पत्त्यांचा असा बाहेरून होणारा वापर नाकारण्याचे धोरण लावले, आणि गूगलची नियमावलीही जीमेलचा पत्ता प्रेषक म्हणून लावून बाहेरून ईमेल पाठवण्यास मज्जाव करते. थेट जीमेलमधून ‘बीसीसी’मध्ये चारशे नावे घालणे हाही मार्ग नव्हे, वैयक्तिक खात्याला दिवसाला साधारण ५०० ईमेलची मर्यादा असते, आणि त्या मर्यादेला पोहोचण्याआधीच खात्याची पत घसरू लागते.

डोमेन घेतल्यावर शक्यतो जाहिरातीच्या ईमेलसाठी त्याचे एक उपडोमेन (मूळ नावाआधी एक शब्द जोडून केलेले नाव) वेगळे ठेवावे आणि पावत्या, कुरिअरची सूचना, पैसे मिळाल्याची पोच हे सर्व दुसरीकडून पाठवावे. जाहिरातींवर तक्रारी आल्या तरी ग्राहकाची पावती त्यामुळे अडकण्याचा धोका कमी होतो.

यानंतर डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनची माहिती ठेवणाऱ्या इंटरनेटवरच्या जाहीर नोंदवहीत, तीन नोंदी कराव्या लागतात. ज्या कंपनीकडून डोमेन घेतले, तिच्या नियंत्रण पॅनेलमध्ये डीएनएसचे पान असते. नोंदींचा नेमका मजकूर ईमेल पाठवणारी सेवा तयार करून देते आणि तो तिथे चिकटवायचा असतो.

पहिली नोंद एसपीएफची. या डोमेनच्या नावाने कोणकोणते सर्व्हर ईमेल पाठवू शकतात, याची ती यादी असते. येथे दोन चुका सर्रास होतात. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद असावी लागते. ऑफिसच्या ईमेलसाठी आधीपासून एक नोंद असताना नव्या सेवेसाठी दुसरी वेगळी नोंद घातली, तर तपासणीच मोडते आणि दोन्ही निरुपयोगी ठरतात. नव्या सेवेचे ‘इन्क्लूड’, म्हणजे तिच्या सर्व्हरना परवानगी देणारा तुकडा, जुन्याच नोंदीत घालावे. दुसरे असे की, ही यादी तपासताना समोरच्या सर्व्हरने १० पेक्षा अधिक डीएनएस चौकश्या करू नयेत असा दंडक आहे. बंद केलेल्या जुन्या सेवांची ‘इन्क्लूड’ तशीच राहिली की ही मर्यादा नकळत ओलांडली जाते.

दुसरी नोंद डीकेआयएमची. येथे प्रत्येक ईमेलवर गुप्त किल्लीने एक डिजिटल सही होते आणि तिची उघड किल्ली डीएनएसमध्ये राहते. लखोट्यावरच्या लाखेच्या मोहरेसारखे तिचे काम आहे: पाठवणारा कोण ते कळते आणि वाटेत आतला मजकूर कोणी बदलला नाही याचीही खात्री पटते. किल्ली २,०४८ बिटांची घ्यावी. एखाद्या ग्राहकाने आपला ईमेल आपोआप दुसऱ्या खात्याकडे वळवला असेल, तर एसपीएफ तेथे बहुधा अपयशी ठरतो, डीकेआयएमची सही मात्र मजकुराला धक्का लागला नसेल तर टिकून राहते. म्हणून या दोहोंत मी डीकेआयएमला अधिक महत्त्व देतो.

तिसरी नोंद डीमार्कची. वाचकाला जे प्रेषक डोमेन दिसते, त्याच्याशी एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एकातले डोमेन जुळलेच पाहिजे, आणि न जुळल्यास काय करावे, हे ती समोरच्या सर्व्हरला सांगते. धोरण तीन प्रकारचे असते: ‘नन’ म्हणजे केवळ अहवाल द्या, ‘क्वारंटाइन’ म्हणजे संशयित म्हणून बाजूला टाका, ‘रिजेक्ट’ म्हणजे परत पाठवा. आरंभ ‘नन’ने करावा आणि अहवाल येण्यासाठी नोंदीत स्वतःचा एक पत्ता द्यावा. हे अहवाल एक्सएमएल स्वरूपात येतात आणि नुसत्या डोळ्यांनी वाचणे कंटाळवाणे असते, परंतु ते वाचून दाखवणारी साधने उपलब्ध आहेत. आपल्या सर्व वैध सेवा नीट जुळत आहेत असे काही आठवडे दिसले, की मगच धोरण कडक करावे. घाईने ‘रिजेक्ट’ लावून स्वतःच्याच पावत्या अडवून बसलेले व्यावसायिक कमी नाहीत.

तिन्ही नोंदी झाल्यावर स्वतःच्या जीमेल खात्यावर एक ईमेल पाठवून तपासणी करावी. संगणकावर तो ईमेल उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर दाबले की ‘शो ओरिजिनल’ असा पर्याय दिसतो. त्या पानावर वरच एक छोटा तक्ता असतो आणि त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिघांपुढे ‘पास’ लिहिलेले असायला हवे. केवळ ‘पास’ पाहून समाधान मानू नये. डीकेआयएमच्या ओळीत ‘पास’ नंतर ‘विथ डोमेन’ असे म्हणून एक डोमेन दिलेले असते. ते तुमचे स्वतःचे असले पाहिजे. तेथे ईमेल सेवेचे नाव दिसत असेल, तर सही झाली आहे खरी, पण ती त्यांच्या नावाने, आणि त्या सहीने तुमच्या डोमेनची पत वाढत नाही.

हे सर्व ऐच्छिक होते, तो काळ आता मागे पडला. गूगल आणि याहू यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम जाहीर केले आणि फेब्रुवारी २०२४ पासून ते लागू झाले. जीमेलच्या वैयक्तिक खात्यांना दिवसाला ५,००० किंवा अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही बंधनकारक आहेत. मायक्रोसॉफ्टनेही ५ मे २०२५ पासून आउटलुक डॉट कॉम, हॉटमेल आणि लाइव्ह या ग्राहक खात्यांसाठी जवळपास तशीच अट घातली. तुमची संख्या ५,००० च्या खाली असली, तरी तिन्ही नोंदी कराव्यात. काम एका दुपारचे आहे, आणि ओळख नसलेल्या लहान प्रेषकाकडे फिल्टर संशयानेच पाहतात.

यादी

ओळख नीट झाली तरी यादी खराब असेल, तर वर सांगितलेल्या सर्व नोंदींचा उपयोग इतकाच, की वाईट वर्तन नेमके कोणाचे ते फिल्टरला अचूक कळते. हे बोलणे कठोर वाटेल, पण अनुभव असाच आहे.

यादी कोठून आली, हा प्रश्न प्रत्येक पत्त्याबाबत विचारावा. आपल्याकडे यादी चार-पाच ठिकाणांहून गोळा होते: आंबा महोत्सवातल्या स्टॉलवरची नोंदवही, जुनी बिले, प्रदर्शनात मिळालेली व्हिजिटिंग कार्डे, सोसायटीच्या सेक्रेटरीने दिलेली सभासदांची यादी आणि कोणीतरी काही हजार रुपयांत विकलेली ‘लाख पत्त्यांची’ फाइल. शेवटची फाइल उघडूही नये. अशा फाइलींत स्पॅम पकडण्यासाठी मुद्दाम पेरलेले सापळा-पत्ते असतात, जे कोणत्याही माणसाचे नसतात आणि ज्यांनी कधीच कोणाकडे नोंदणी केलेली नसते. त्यांवर ईमेल गेला की पाठवणाऱ्याने यादी विकत घेतली किंवा इंटरनेटवरून खरवडून गोळा केली, हे उघड होते, आणि स्पॅमहॉससारख्या संस्थांच्या काळ्या यादीत डोमेन जाऊ शकते. सोसायटीची यादीही त्याच कारणाने बाजूला ठेवावी. सेक्रेटरींनी ती सद्भावनेने दिली असेल, पण सभासदांनी तुम्हाला संमती दिलेली नाही.

नोंदवहीचा प्रश्न वेगळा आहे. तेथे संमती असते, अक्षर वाचता येत नाही. एखादे ‘एन’ आहे की ‘यू’, टिंब आहे की शाईचा डाग, हे ठरवताना अंदाजाने टंकलेला पत्ता एकतर अस्तित्वात नसतो किंवा भलत्याच माणसाचा निघतो. यावर उपाय म्हणजे दुहेरी नोंदणी: पत्ता मिळाल्यावर पहिला ईमेल केवळ खातरजमेचा पाठवावा आणि त्यातल्या दुव्यावर दाबणाऱ्यालाच यादीत घ्यावे. स्टॉलवर वहीऐवजी क्यूआर कोड लावून ग्राहकाकडूनच पत्ता टंकून घेतला, तर निम्मा त्रास तेथेच संपतो. दुहेरी नोंदणीने यादी लहान होते, हा आक्षेप खरा आहे. जे गळतात ते बहुतेक तसेही वाचणारे नसतात.

संमतीचा विचार कायद्याच्या बाजूनेही करावा लागतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमती मोकळेपणाने, विशिष्ट हेतूसाठी आणि पूर्ण माहिती मिळून दिलेली असली पाहिजे, आणि ती मागे घेणे हे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. मागणीच्या फॉर्मवर आधीच खूण केलेला चौकोन ठेवणे या चौकटीत बसत नाही. परदेशात राहणारी मुले पुण्या-मुंबईतल्या आईवडिलांसाठी पेट्या मागवतात, तेव्हा अमेरिकेतले ग्राहकही यादीत येतात. तेथील २००३ च्या कायद्याप्रमाणे जाहिरातीच्या ईमेलमध्ये व्यवसायाचा खरा टपाल पत्ता असावा लागतो. तो सर्वच ईमेलच्या तळाशी छापून टाकावा.

परत आलेल्या ईमेलकडे दुर्लक्ष करू नये. सर्व्हरच्या उत्तरातला आकडा ५ ने सुरू होत असेल तर नकार कायमचा असतो. ‘असे खाते नाही’ असे कारण दिले असेल, तर तो पत्ता त्याच दिवशी काढावा. ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे आणि सेवा स्वतःच पुन्हा प्रयत्न करते. चांगल्या सेवा कायमचे परत आलेले पत्ते आपोआप बाजूला काढतात, परंतु सेवा बदलताना जुनी एक्सेल फाइल पुन्हा चढवली, की ते सर्व मृत पत्ते जिवंत होऊन परत येतात. सेवा बदलताना म्हणूनच काढून टाकलेल्यांची यादीही सोबत न्यावी.

बाहेर पडण्याचा मार्ग

गूगलच्या नियमांत एक आकडा नवख्यांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. तक्रारींचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली असावे आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीही पोहोचू नये. जीमेलवरच्या हजार वाचकांपैकी तिघांनी ‘स्पॅम’ बटण दाबले, की धोक्याची रेषा गाठली गेली. आणि हे तिघे बहुधा रागावलेले नसतात. त्यांना फक्त ईमेल नको असतो आणि बाहेर पडण्याचा दुवा सापडत नाही.

म्हणून तो दुवा लपवू नये. तळाशी फिकट राखाडी अक्षरांत देण्याऐवजी तो स्पष्ट द्यावा, वरतीही द्यावा. त्यासाठी लॉगिन मागू नये, कारण विचारणारे लांबलचक फॉर्म आडवे घालू नयेत. याशिवाय ईमेलच्या शीर्षनोंदींत (वाचकाला एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक ओळींत) ‘लिस्ट-अनसबस्क्राइब’ची एका टिचकीत चालणारी सोय असावी, म्हणजे जीमेल प्रेषकाच्या नावाशेजारीच ‘अनसबस्क्राइब’ असे बटण दाखवू शकते. मोठ्या संख्येने जाहिराती पाठवणाऱ्यांना ही सोय आवश्यक आहे आणि अशी विनंती दोन दिवसांत अमलात आणावी लागते. बहुतेक सेवा ही सोय स्वतःच लावतात, तरी ‘शो ओरिजिनल’ पानावर ती नोंद शोधून पाहावी. कोणी बाहेर पडला तर वाईट वाटून घेऊ नये. तक्रार न करता गेला, म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला.

पाठवण्याचा वेग

हंगामी विक्रेत्याची खरी अडचण येथे आहे. नऊ महिने गप्प असलेले डोमेन एका दुपारी अचानक आठ हजार ईमेल सोडते, तेव्हा फिल्टरला ते चोरलेल्या खात्यासारखे किंवा नुकत्याच उभ्या केलेल्या स्पॅम यंत्रणेसारखे दिसते. शिवाय ग्राहकही विसरलेला असतो.

उपाय हंगामाआधी सुरू करावा लागतो. बागेत मोहोर साधारण डिसेंबर-जानेवारीत दिसू लागतो. तेव्हा विक्रीचा शब्दही न काढता, यंदा मोहोर कसा आहे, थंडी पुरेशी पडली का, फळ कधी तयार होईल, एवढे सांगणारा छोटा ईमेल गेल्या हंगामातल्या पक्क्या ग्राहकांना पाठवावा. पहिल्या दिवशी शंभर-दोनशे जणांना, दोन-तीन दिवसांनी त्याच्या दुप्पट, आणि परतीचे व तक्रारीचे आकडे शांत असतील तरच पुढची वाढ, असा क्रम ठेवावा. सर्वांत नियमित ग्राहक आधी घ्यावेत, कारण ते ईमेल उघडतात, उत्तर देतात, आणि त्यांच्या वागण्यातून पत तयार होते. दोन वर्षांपूर्वी एकदाच पेटी नेलेले शेवटी यावेत. मध्येच सर्व्हर ‘नंतर प्रयत्न करा’ अशा अर्थाची ४ ने सुरू होणारी उत्तरे देऊ लागला, तर वेग कमी करावा. अशा रीतीने मार्च येईपर्यंत डोमेन फिल्टरच्या परिचयाचे झालेले असते आणि दरपत्रक नेहमीच्या रहदारीत मिसळून जाते.

फक्त आपलेच ईमेल पाठवणारा स्वतंत्र आयपी पत्ता (पाठवणाऱ्या सर्व्हरचा इंटरनेटवरचा क्रमांक) घ्यावा का, असा प्रश्न विक्रीप्रतिनिधी हमखास उभा करतात. लहान विक्रेत्याने घेऊ नये. स्वतंत्र आयपीची पत टिकवायला वर्षभर सातत्याने मोठी संख्या लागते. चांगल्या सेवेचा सामाईक आयपी अशा व्यवसायाला अधिक उपयोगी ठरतो.

मजकूर

मजकुराचे महत्त्व शेवटचे असले तरी शून्य नाही. आपल्याकडची सर्वांत मोठी सवय म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपसाठी बनवलेले पोस्टर, ज्यात दर, फोन क्रमांक, शुभेच्छा सर्व काही चित्रातच असते, तेच ईमेलमध्ये चिकटवणे. नुसत्या चित्राचा ईमेल फिल्टरला संशयास्पद वाटतो, आणि ज्याच्याकडे चित्रे आपोआप उघडत नाहीत त्या वाचकाला पांढरा चौकोन दिसतो. दर मजकुरात लिहावेत, चित्र सोबतीला ठेवावे. पीडीएफ जोडण्याऐवजी दरपत्रक स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवून दुवा द्यावा, आणि तो दुवा लघुदुवा सेवेने आखडू नये. त्या सामाईक डोमेनचा वापर स्पॅमवालेही करतात आणि त्यांची बदनामी तुमच्या माथी येते.

मराठी मजकुराच्या दोन खास बाबी आहेत. छपाईसाठी श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेला मजकूर थेट चिकटवला, तर वाचकाला अर्थहीन चिन्हे दिसतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. दुसरी बाब आकाराची. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रांनाही, तीन. जीमेल साधारण १०२ केबीपेक्षा मोठा ईमेल मध्येच कापून उरलेला भाग एका दुव्यामागे लपवते, आणि तळाशी असलेला बाहेर पडण्याचा दुवा नेमका त्या कापलेल्या भागात जातो. लांब मराठी ईमेल, त्यात वर्डमधून चिकटवल्यामुळे आलेला फाफटपसारा, असे झाले की ही मर्यादा लवकर गाठली जाते.

प्रेषकाचे नाव ग्राहकाला ओळखता येईल असे आणि दरवेळी तेच असावे. विषयाच्या ओळीत खोटे ‘आरई’ लावून जुना पत्रव्यवहार असल्याचा आव आणू नये. उत्तर न स्वीकारणारा पत्ता टाळावा. उलट ‘पाच डझनांची पेटी हवी की दोन डझनांची, हे याच ईमेलला उत्तर देऊन कळवा’ असे लिहावे. ग्राहकाने उत्तर दिले की तुमचा पुढचा ईमेल त्याच्या इनबॉक्समध्ये राहण्याची शक्यता वाढते. जीमेलच्या ‘प्रमोशन्स’ कप्प्यात ईमेल गेला तर तो स्पॅम नव्हे. तेथून निसटण्यासाठी जाहिरातीला खासगी पत्राचे सोंग देणारे सल्ले मिळतात. ते ऐकू नयेत, कारण फसवले गेलेला वाचक थेट तक्रारीचे बटण दाबतो.

निकाल पाहणे आणि बिघडलेले सावरणे

गूगलचे ‘पोस्टमास्टर टूल्स’ विनामूल्य आहे. डीएनएसमध्ये एक नोंद करून डोमेन आपले असल्याचे सिद्ध केले, की तक्रारींचे प्रमाण तेथे दिसते. संख्या फार कमी असेल तर पान रिकामे राहते. हे प्रमाण इनबॉक्समध्ये पोहोचलेल्या ईमेलवर काढलेले असते, हे ध्यानात ठेवावे: जे ईमेल आधीच स्पॅममध्ये गेले त्यांच्यावर तक्रार होण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे विक्री थंडावलेली असताना तक्रारी शून्यावर आल्या तर आनंद मानू नये. ईमेल किती जणांनी उघडला या आकड्यावरही विसंबू नये. अ‍ॅपलने २०२१ पासून आपल्या मेल अ‍ॅपमध्ये गोपनीयतेसाठी चित्रे आधीच उतरवून घेण्याची सोय दिली, त्यामुळे न उघडलेले ईमेलही उघडल्यासारखे मोजले जातात. दुव्यावरच्या टिचक्या, उत्तरे आणि मागण्या मोजाव्यात.

डोमेनची पत घसरल्याचे लक्षात आले, तर नवे डोमेन घेण्याचा मोह आवरावा. त्याच यादीने तेही बिघडते. आधी सर्वांना पाठवणे थांबवावे, नोंदी तपासाव्यात, स्पॅमहॉसच्या संकेतस्थळावर डोमेन काळ्या यादीत आहे का ते पाहावे आणि असल्यास कारण दूर करून नाव वगळण्याची विनंती करावी. स्पॅमहॉस त्यासाठी पैसे घेत नाही, आणि जीमेलमध्ये पैसे भरून इनबॉक्सची हमी मिळवण्याची सोयही नाही, तेव्हा तसे करून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थाला वाटेला लावावे. त्यानंतर केवळ गेल्या काही महिन्यांत उत्तर दिलेल्या किंवा खरेदी केलेल्या ग्राहकांपासून पुन्हा हळूहळू सुरुवात करावी. सुधारणा व्हायला आठवडे लागतात, म्हणून हे काम ऐन एप्रिलमध्ये करण्याची वेळ येऊ देऊ नये.

पेट्या संपल्यावर, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, आभाराचा एक ईमेल पाठवावा आणि त्यातच पुढच्या वर्षी कळवावे का, हे विचारून घ्यावे. दोन हंगाम ज्यांनी काहीच प्रतिसाद दिला नाही, त्यांना यादीतून वगळावे, आणि त्याच बैठकीत एसपीएफ नोंदीतली बंद सेवांची ‘इन्क्लूड’ काढून टाकावीत.